सात नंबर रिकामा

आमच्या सिस्टर खोटं बोलत नाहीत हे मी शपथेवर सांगेन, आणि त्याच दमात हेही सांगेन की त्यांनी अकरा वर्षं रोज संध्याकाळी सहा वाजता एक खोटं लिहिलं. दोन्ही खरं आहे. ज्याला पटत नसेल त्याने आमच्या वॉर्डात येऊन आठ दिवस काढावेत, मग माझ्याशी वाद घालावा.

मी त्या वॉर्डातली मावशी. झाडणं-पुसणं, बेडपॅन, स्पंज, चादरी बदलणं आणि ज्याच्याकडे कोणी येत नाही त्याच्याशी चार शब्द बोलणं ही माझी कामं. शेवटचं काम कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही, पण जास्त तेच पडतं. वॉर्ड मणक्याचा. बारा पलंग, सहा एका भिंतीला, सहा दुसरीला, मधे ट्रॉली जाईल एवढी वाट. परांचीवरून पडलेले, जिन्यावरून घसरलेले, गाडीखाली सापडलेले असे लोक इथे येतात. थोडे पायांनी जातात, बरेचसे खुर्चीतून जातात.

सिस्टर या वॉर्डाच्या इन्चार्ज. वय छप्पन, चणीने लहान, आवाज त्याहून लहान, पण त्यांच्या बुटांची करकर जिन्यात ऐकू आली की नव्या नर्सा हातातला मोबाइल खिशात टाकून उभ्या राहतात. घड्याळ मनगटावर नाही, छातीवर पिनेने उलटं टांगलेलं. मान खाली केली की त्यांना ते सुलटं दिसतं. चहा उभ्याने पितात. लग्न केलं नाही. एका शिंप्याच्या दुकानावर तीन खोल्या आहेत, तिथे भाऊ-वहिनीबरोबर राहतात. लग्नाचं कोणी विचारलं तर म्हणायच्या, बारा जणांचा संसार आहे की माझा. मी मुद्दाम म्हणायचे, सिस्टर, कागदावर तर अकराच आहेत. त्या म्हणायच्या, मावशी, तुम्हाला मोजता येत नाही.

तो बारावा म्हणजे सात नंबरचा कप्तान. कप्तान तो कधीच नव्हता. रग्बी खेळायचा, तो लांबट चेंडू पोटाशी धरून पळायचा आणि एकमेकांना आडवं करायचा खेळ. त्यात एक प्रकार असतो: इकडचे आठ आणि तिकडचे आठ कमरेत वाकतात, खांद्याला खांदा भिडवतात, डोकी एकमेकांत अडकवतात आणि रेटतात. त्याला स्क्रम म्हणतात. कप्तान पहिल्या रांगेत मधला. एका साध्या मंगळवारी, साध्या सरावात, बघायला काळं कुत्रं नसताना स्क्रम खाली कोसळला आणि बाकी पंधरा जणांचं वजन याच्या मानेवर आलं. पुढच्या आठवड्यात त्याला देशाच्या संघाच्या शिबिराला जायचं होतं. वय चोवीस. मानेखाली सगळं गेलं. उजव्या हाताचा अंगठा तेवढा थोडा हलायचा. त्याने तो रेडिओचं बटण दाबायचा, आणि आम्हाला म्हणायचा, बघा, एका अंगठ्यावर कसं चाललंय माझं.

अशा माणसाला काय लागतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्याला दर दोन तासांनी कूस लागते. त्याची त्याला बदलता येत नाही आणि अंगाला काही कळत नाही, म्हणून तो तक्रारही करत नाही. एकाच बाजूवर राहिला तर हाडावरची कातडी आधी लाल होते, मग काळी, मग सडते. त्यात माणूस जातो. म्हणून डावी, पाठ, उजवी, परत पाठ. दर दोन तासांनी, दिवसातून बारा वेळा. दोन माणसं लागतात. खालची आडवी चादर दोन्हीकडून गुंडाळून धरायची, एक-दोन-तीन म्हणून उचलायचं, गुडघ्यांमधे एक उशी, पाठीला एक, टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली एक. अकरा वर्षं आमचा अख्खा वॉर्ड या कुशीवर चालला. कप्तान उजवीला झाला की चहा, पाठीवर आला की राऊंड. सहा नंबरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तर स्वतःचं घड्याळ नातवाला देऊन टाकलं होतं. आणि अकरा वर्षांत कप्तानाला एक फोड आला नाही. मोठ्या मोठ्या डॉक्टरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही, पण मी स्वतःच्या हाताने रोज त्याची पाठ पुसली आहे.

आता ते खोटं. सरकारी नियम असा की मणक्याच्या वॉर्डात नव्वद दिवसांवर कोणाला ठेवायचं नाही. नव्वद झाले की घरी, घर नसेल तर गावाबाहेर कायमच्या रुग्णांचं केंद्र आहे तिथे. कप्तानाचे नव्वद भरले तेव्हा त्याची आई होती. ती बाई सिस्टरांच्या पाया पडली नाही की रडली नाही. केंद्र बघून आली होती. एवढंच म्हणाली, तिथे बत्तीस माणसांमागे एक माणूस आहे. सिस्टरांनी त्या संध्याकाळी सेन्सस लिहायला घेतला. सेन्सस म्हणजे वॉर्डाची रोजची शिरगणती, कुठल्या पलंगावर कोण. सहापर्यंत लिहिलं, थांबल्या, आणि सातपुढे लिहिलं: रिकामा. पेशंटच नाही म्हटल्यावर नव्वद दिवस मोजायचे कोणाचे?

तीन वर्षांनी ती आईही गेली. मग कप्तान आमचाच झाला. जेवण स्टाफच्या कँटीनमधून यायचं. औषधं फार्मसीवाला इकडून तिकडून जमवून द्यायचा. वरून फोन आला की सात रिकामा दिसतोय, पेशंट पाठवू का, तर सिस्टर सांगायच्या की सातची हवेची गादी गळतेय. ती बिचारी गादी अकरा वर्षं गळत होती. मोठे साहेब, म्हणजे आमचे सुपरिंटेंडंट, राऊंडला आले की सहावरून थेट आठवर उडी मारायचे. एक नवा डॉक्टर पहिल्याच दिवशी यादी वाचत म्हणाला, सात रिकामा ना, तर सातमधून आवाज आला, गुड मॉर्निंग डॉक्टर. तोही आठ दिवसांत शहाणा झाला. अळीमिळी गुपचिळी. हॉस्पिटलातल्या एकूण एक माणसाला माहीत होतं आणि कागदाला माहीत नव्हतं.

गेल्या साली आपल्या देशाने रग्बीची जागतिक स्पर्धा भरवायचा दावा केला. शहरभर फलक लागले, बसच्या पाठीवर चेंडू रंगवले. ज्यांना रग्बी आणि रताळं यातला फरक कळत नाही तेसुद्धा चर्चा करू लागले. सिस्टरांचा भाऊ तर पार हातचा गेला. जेवताना ताटावरून मैदान आखून बायकोला दाखवायचा. आणि कप्तानाचं काय विचारता! कानाशी रेडिओ, कुठला देश मागे पडला, कुठली मैदानं मोजली, सगळं तोंडपाठ. खिडकीतून लांबवर स्टेडियमच्या दिव्याचा एक खांब दिसतो. तो डाव्या कुशीवर असला की दिसतो, म्हणून डावीला असताना पाच मिनिटं जास्त ठेवा म्हणून सिस्टरांशी घासाघीस करायचा. स्पर्धा इथे झाली तर मला ट्रॉलीवरून न्या, एक मॅच तरी मैदानाच्या कडेला पडून बघीन, असं सिस्टरांकडून त्याने कबूल करून घेतलं होतं. सिस्टर म्हणाल्या होत्या, नेईन. मग म्हणाल्या, पण मध्यंतरात कूस बदलायची.

अशा स्पर्धेत म्हणे नियम आहे, मैदानाजवळ मणक्याचा चांगला वॉर्ड हवा. परदेशी पाहुणे तपासायला येणार होते. त्याच्या आधी स्पर्धेच्या ऑफिसातून एक बाई आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, बोलायला गोड. साहेबांच्या केबिनमधे तिने सगळे जुने सेन्सस बघितले. मी चहा घेऊन गेले होते, म्हणून हे मी स्वतः ऐकलं. टॅबवाली एकदम थांबली आणि म्हणाली, अकरा वर्षांत सात नंबर एकदाही भरलेला नाही, म्हणजे तुम्ही आणीबाणीसाठी एक पलंग कायम राखून ठेवता का? साहेबांनी एकदा सिस्टरांकडे बघितलं. सिस्टरांनी घड्याळाकडे बघितलं. साहेब म्हणाले, हो, आमची ती पद्धतच आहे. टॅबवालीचा चेहरा असा खुलला की मला वाटलं आता ही टाळ्या वाजवते. दुसऱ्या कुठल्याही देशाकडे असं नाही म्हणाली. माझ्या हातात ट्रे होता, तो मी घट्ट धरून ठेवला.

दोन दिवसांनी हुकूम आला. पाहुणे तीन दिवस शहरात आहेत, तेवढे तीन दिवस सात नंबर खरोखरचा रिकामा हवा.

सिस्टर त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुपारी मला म्हणाल्या, चला माझ्याबरोबर, आणि साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी दाराशी. त्यांनी सगळं सांगून टाकलं. पलंगावर माणूस आहे, अकरा वर्षं आहे, रग्बीत मान मोडलेला आहे, पाहुण्यांना हेच दाखवा की तुमच्या खेळातला माणूस आम्ही कसा सांभाळला. साहेब वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं, दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“सिस्टर, मला दोनच गोष्टी लिहिता येतात,” ते म्हणाले. “एक, पलंग अकरा वर्षं रिकामा आहे आणि तुमचा वॉर्ड देशात पहिला आहे. दोन, पलंग भरलेला आहे, आणि अकरा वर्षांचा सेन्सस खोटा आहे. त्यावर तुमच्यासकट चौदा नर्सांच्या सह्या आहेत आणि खाली माझी. दुसरी लिहिली तरी नव्वद दिवसांचा नियम आहेच. तो त्याच दिवशी केंद्रात जाईल, आणि परत यायचं नाव नाही. पहिली लिहिली तर तीन दिवसांनी परत येईल. कुठली लिहू?”

दुसरी लिहा असं सिस्टर कशा म्हणणार? त्यांच्या हाताखाली तेरा पोरी, कोणाचं नुकतं लग्न झालेलं, कोणाच्या घरी तिच्या एकटीवर चूल. आम्ही गेलो तशा परत आलो. जिन्यात त्या एवढंच म्हणाल्या की तीन दिवस म्हणजे छत्तीस वेळा.

कप्तान आमच्यावर कडी. त्याला सांगितलं तर म्हणाला, जातो की, बाहेरच्या मैदानावर मॅच आहे समजू. सिस्टर, असं तोंड पाडू नका, माझ्यामुळे आपला दावा पडला तर मी तुम्हाला तोंड कसं दाखवू! आपला दावा म्हणाला. सिस्टरांनी मोठ्या कागदावर तक्ता केला, बारा वेळा, डावी-पाठ-उजवी, कुठली उशी कुठे त्याची चित्रंसुद्धा काढली. हवेची गादी त्याच्याबरोबर पाठवली आणि पलंगावर नवी साधी गादी घातली. त्याला ॲम्ब्युलन्समधे चढवताना उजव्या कुशीवर केलं, म्हणजे तिथे पोचल्यावर पाठ येईल. त्याने अंगठा वर केला.

पाहुणे आले. चौघं होते, त्यात एक पांढऱ्या केसांचा, रुंद खांद्यांचा, कान चुरगळलेले. तो जुना खेळाडू हे माझ्यासारखीलाही कळलं, कारण कप्तानाचे कानही तसेच. बाकीचे भिंती, यंत्रं बघत होते. हा सात नंबरपाशी थांबला. गादीवर हात दाबून बघितला. मग त्याने काहीतरी विचारलं आणि टॅबवालीने सिस्टरांना सांगितलं की ते विचारताहेत, इथे आमच्या खेळातलं कोणी कधी आलं होतं का.

त्या वेळी वॉर्डात अकरा पेशंट होते, पाच नर्सा होत्या, साहेब होते, मी होते. सगळ्यांना उत्तर माहीत. सहा नंबरचे म्हातारे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून झोपले. एरवी माझं तोंड असं फाटकं, की साहेबांच्या बायकोलाही मी एकदा सुनावलं आहे. त्या दिवशी ते शिवल्यासारखं झालं. मला अजून लाज वाटते. साहेबच म्हणाले, सुदैवाने नाही. त्या पांढऱ्या केसांच्या माणसाने मान डोलावली आणि सिस्टरांचा हात हातात घेऊन दाबला. मग सिस्टरांना सात नंबरशेजारी उभं करून फोटो काढला. हसा म्हणाले. त्या हसल्या.

चौथ्या दिवशी सकाळीच सिस्टरांनी ॲम्ब्युलन्सला फोन केला. ड्रायव्हर म्हणाला, वरून सही आणा. वर गेल्या तर साहेब नजर देईनात. दाव्याचं पुस्तक छापायला गेलं होतं आणि त्यात लिहिलं होतं की या वॉर्डात एक पलंग खेळाडूंसाठी कायम राखीव आहे, स्पर्धा संपेपर्यंत तो कोणालाही दिला जाणार नाही. पाहुणे पुन्हा केव्हाही, न सांगता येऊ शकतात. निकाल लागेपर्यंत थांबा सिस्टर, साहेब म्हणाले, आठ महिन्यांचा प्रश्न आहे.

त्या आठ महिन्यांत सिस्टरांनी काय केलं नाही ते विचारा. कप्तानाचा नवा केसपेपर काढला, नवा पेशंट म्हणून. प्रतीक्षायादीत तेविसावा नंबर आला, कारण आता वॉर्ड बाराचा नाही, अकराचा. त्याला घरी न्यायचं ठरवलं. भाऊ-वहिनी नाही म्हणाले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. पण शिंप्याच्या दुकानावरचा जिना वळणाचा. सिस्टरांनी खालून मेजपट्टी आणून वळण मोजलं, मग वॉर्डातली ट्रॉली मोजली, मग पुन्हा वळण मोजलं. वीतभर कमी. आणि तो वर गेला असता तरी यांची ड्युटी असताना त्याला दोन तासांनी कोण वळवणार? वहिनीला पाठीचं दुखणं. साहेबांकडे पाच अर्ज दिले, पाचही वेळा वाटाण्याच्या अक्षता.

दाव्याच्या पुस्तकाची एक प्रत त्यांना भेट मिळाली. भावाने त्यातला सात नंबरशेजारचा फोटो कापून चौकटीत घातला आणि जेवायच्या टेबलासमोर लावला. येईल त्याला दाखवायचा, ही आमची ताई. त्याला खरं माहीत नव्हतं. सिस्टरांनी सांगितलं नाही, आणि आता सांगून तरी काय होणार होतं! मी एकदा चादरींचा हिशेब विचारायला त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या फोटोकडे पाठ करून जेवत होत्या. वहिनी मला हळूच म्हणाल्या, हिला अलीकडे उजेड सहन होत नाही वाटतं, जागा बदलून बसते.

वॉर्डात त्या रोज सकाळी सात नंबरची चादर स्वतः बदलायच्या. कोणी झोपलेलं नाही, तरी बदलायची, कारण पाहुणे केव्हाही येऊ शकतात. आणि संध्याकाळी सहा वाजता लिहायच्या, सात, रिकामा. एकदा पेन थांबवून मला म्हणाल्या की मावशी, आता हे खरं झालं. मी म्हटलं, सिस्टर, चहा घ्या. दुसरं काय म्हणणार होते मी?

आमचा दर रविवार त्या केंद्रात. दीड तास बस, मग दहा मिनिटं चालायचं. भेटीची वेळ दहा ते साडेअकरा. लांब दालन, स्वच्छ आहे, नाही म्हणून चालणार नाही. बत्तीस माणसं आणि एक मामा. तोही चांगला आहे. दोन हात आहेत त्याला, आणि कप्तानाला वळवायला चार लागतात. पहिल्या महिन्यात त्याने कधी जेवण वाढणाऱ्याला पकडून, कधी फाटकावरच्या माणसाला बोलावून दिवसाला चार-पाच वेळा तरी केलं. मग फाटकावरचा बदलला. हवेची गादी एक दिवस खरंच गळायला लागली.

तिसऱ्या महिन्यात सिस्टरांनी तिथे भिंतीवर लावलेला कूस बदलायचा तक्ता बघितला. अख्ख्या आठवड्याच्या चौऱ्याऐंशी चौकटींत चौऱ्याऐंशी बरोबरच्या खुणा होत्या, एकाच पेनाच्या, एका दमात केलेल्या. आम्ही कप्तानाला कुशीवर घेतलं तेव्हा माकडहाडावर रुपयाएवढं काळं होतं. मी मामाच्या अंगावर धावून जाणार होते. सिस्टरांनी माझा दंड धरला.

“खोटी नोंद मला लांबून ओळखू येते, मावशी,” त्या म्हणाल्या. “मी त्याला कुठल्या तोंडाने बोलू?”

त्या काळ्याचा खड्डा झाला. आमच्याच हॉस्पिटलच्या सर्जिकल वॉर्डात आठ दिवस ठेवून साफ केला आणि परत पाठवला. तिथून आमचा वॉर्ड एक मजला वर. सिस्टर ड्युटी संपली की खाली जाऊन बसायच्या. ते आठ दिवस त्याला सगळ्या कुशी मिळाल्या. परत गेल्यावर जखम पुन्हा वाढली. कप्तान बारीक होत गेला, ताप येऊन जाऊन, पण बोलणं तेच. त्याला जखम दिसत नाही, दुखत नाही. वास आला तर म्हणायचा, मावशी, कोणाचं तरी ड्रेसिंग बदला हो.

निकाल लागला त्या दिवशी मी वॉर्डात होते. टीव्हीवर मोठी सभा, एका माणसाने पाकीट फोडलं आणि आपल्या देशाचं नाव वाचलं. शहरात गाड्यांचे भोंगे वाजू लागले. साहेबांनी सगळ्या वॉर्डांत पेढ्यासारखे चॉकलेटचे डबे फिरवले. टॅबवालीचा सिस्टरांना फोन आला की तुमच्या पलंगाचा त्या लोकांनी भाषणात उल्लेख केला. सिस्टर थँक्यू म्हणाल्या आणि फोन ठेवून सहा नंबरला पाणी द्यायला गेल्या. स्पर्धा सहा वर्षांनी आहे. तोवर सात नंबर राखीव, तसा करारच झाला. सिस्टर दोन वर्षांनी निवृत्त होतील.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही गेलो. साडेदहा झाले होते. कप्तान पाठीवर होता, डोळे लागलेले. सिस्टरांचे बूट ऐकून त्याने डोळे उघडले आणि अंगठा वर केला. पहाटेपासून रेडिओ ऐकत होता म्हणाला. आनंदाने त्याच्या डोळ्यांतून पाणी कानांत जात होतं, ते मी पुसलं. सहा वर्षं म्हणजे फार नाहीत म्हणाला, आत्ता जातील. मॅचला न्यायचं कबूल केलंय, विसरू नका. सिस्टर म्हणाल्या, नाही विसरत. मग त्याने वॉर्डाची चौकशी केली, म्हाताऱ्या गृहस्थांची, नर्सांची. आणि मग विचारलं, सात नंबरवर सध्या कोण आहे?

सिस्टरांना खोटं बोलता येत नाही. म्हणाल्या, कोणी नाही. राखून ठेवलाय.

“कोणासाठी?”

“खेळाडूंसाठी,” सिस्टर म्हणाल्या. “कोणाची मान मोडली तर.”

कप्तानाच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मला वाटलं, मी तिथून उठून निघून जावं.

“मग तो माझाच की, सिस्टर,” तो म्हणाला. “त्यांना सांगा ना, मी आहे म्हणून.”

सिस्टरांनी मान खाली करून छातीवरचं घड्याळ बघितलं. अकरा वाजत आले होते. त्यांनी मला खूण केली. मी पलीकडे गेले, आम्ही दोघींनी चादर गुंडाळून धरली. एक, दोन, तीन. त्याला डाव्या कुशीवर केलं. इथे डावीला खिडकी नाही, भिंत आहे. गुडघ्यांमधे उशी, पाठीला उशी, टाचा अधांतरी. सिस्टरांनी तक्त्यावर अकराच्या चौकटीत आपल्या पेनाने खूण केली. अख्ख्या आठवड्याच्या खुणा आधीच झालेल्या होत्या, तिथल्या खुणेवरच केली.

पुढची वेळ एकची होती. आमची बस बाराची.